कुठे मिळाली?

दहावीच्या परीक्षेला मूल बसतं. अकरावीच्या प्रवेशाला अख्खं घर बसतं. परीक्षेत निदान बैठक क्रमांक एकाचाच असतो. प्रवेशाला आई, वडील, आजोबा, पुण्याची आत्या, नाशिकचे मामा आणि खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका, असे सगळे एकाच लॉगिनवर बसतात. पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो. ज्याच्या नावाचा अर्ज आहे, त्याला मात्र तो सांगितलेला नसतो. न जाणो, पोरगं काहीतरी भलतंच भरून ठेवायचं.

माझ्या बहिणीकडे, डोंबिवलीला, २०२५ साली अकरावी होती. मी मावशी. म्हणजे मत द्यायचा हक्क पूर्ण, जबाबदारी शून्य. त्या उन्हाळ्यात जे पाहिलं ते लिहून ठेवणं मला भाग आहे, कारण त्या घरातलं दुसरं कुणी शुद्धीवर नव्हतं.

आधी हिशेब सांगते, म्हणजे पुढची सगळी गंमत नीट कळेल. त्या वर्षी राज्य मंडळाच्या दहावीला साडेचौदा लाखांहून थोडी अधिक मुलं पास झाली. निकाल ९४.१० टक्के. आणि राज्यभरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीच्या जागा होत्या एकवीस लाखांहून जास्त. म्हणजे दर मुलामागे जवळजवळ दीड जागा. मुलानं एकीवर बसावं आणि उरलेल्या अर्ध्या जागेवर दप्तर ठेवावं. सीबीएसई, आयसीएसईची मुलं येऊन बसली तरी लाखांनी बाक रिकामे राहतात आणि दर वर्षी तसे ते राहतातच. असं असूनही मे महिन्याच्या मध्यापासून माझ्या बहिणीचं ब्लडप्रेशर वाढलेलं, मेहुण्यांची झोप उडालेली आणि आजोबांनी नृसिंहवाडीला नवस बोललेला. कशासाठी? जागा मिळावी म्हणून नव्हे. जागा मिळणारच होती. प्रश्न, मिळालेल्या जागेचं नाव लिफ्टमध्ये सांगता येईल की नाही, हा होता.

लिफ्ट ही या सबंध प्रकरणातली सर्वांत अवघड जागा. तळमजला ते पाचवा मजला एवढ्यात दोनच प्रश्न बसतात. निकालाच्या आठवड्यात 'किती मिळाले?' आणि त्यानंतर थेट ऑगस्टपर्यंत 'कुठे मिळाली?' पहिल्याचं उत्तर एकदा देऊन टाकलं की संपतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र दर फेरीला नवं द्यावं लागतं.

टक्केवारीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. त्या वर्षी दहावीला शंभर टक्के मिळवणारी मुलं २११ होती आणि त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. शंभर टक्के म्हणजे पाचशेपैकी पाचशे. सहा विषयांतले उत्तम पाच धरायचे, वर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव गुण असतील तर तेही धरायचे. आमच्या वेळी पंच्याहत्तर टक्के पडले की दारात तोरण लागायचं. आता माझ्या भाचीला ८८.४० टक्के पडले आणि पेढे वाटताना बहीण प्रत्येक घरी म्हणत होती, 'सोशलला जरा कमी पडले हो.' पेढा घेणाऱ्या बाईही मोठ्या मनानं म्हणत, 'छान, छान.' दोनदा. एकदा 'छान' म्हणजे कौतुक असतं. दोनदा 'छान' आलं की समजावं, त्यांच्या भाच्याला त्र्याण्णव आहेत.

अर्जाचा भाग एक सोपा आहे असं शासनाचं म्हणणं. नाव, पत्ता, बैठक क्रमांक, शाळा, प्रवर्ग आणि शंभर रुपये शुल्क. पण कागदपत्रं लागतात, आणि कागदपत्रं लागतात म्हटलं की आमच्या मेहुण्यांच्या अंगात येतं. त्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या इतक्या झेरॉक्स काढल्या की त्या मुलीनं चांगल्या पंधरावीस शाळा सोडल्या असाव्यात. 'अर्ज ऑनलाइन आहे, झेरॉक्स कशाला?' असं मी विचारलं. 'असू दे, लागतात,' म्हणाले. झेरॉक्सचं दुकान हेच या दिवसांतलं खरं शिक्षण खातं. तिथला मुलगा स्वतः बारावी नापास, पण नॉन-क्रिमिलेअर कुणाला लागतं, नावातलं स्पेलिंग आधारशी जुळलं नाही तर काय करायचं, मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा हे सगळं तो यंत्रावरची नजर न हलवता सांगतो. दोन एमबीए, एक सीए आणि एक निवृत्त तहसीलदार त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. मला तो सारा देखावा अतिशय न्याय्य वाटला.

ओटीपी मेहुण्यांच्या मोबाइलवर यायचा आणि मेहुणे कर्जत लोकलमध्ये लटकलेले असायचे. मग घरातून फोन जायचा, 'आला का?' तिकडून गर्दीतून आवाज यायचा, 'खिशात हात जात नाहीये!' हात खिशात जाईपर्यंत ओटीपीची मुदत संपायची.

त्यात ते वर्ष नवलाईचं. तोवर ही ऑनलाइन केंद्रीय प्रवेश प्रक्रिया मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. २०२५ ला पहिल्यांदा ती सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. २१ मेपासून नोंदणी सुरू व्हायची होती. संकेतस्थळच उघडेना, म्हणून ती २६ मेपासून सुरू झाली. मधल्या दिवसांत राज्यातल्या लाखो पालकांनी पडद्यावर एकच गोल फिरताना पाहिला. मुंबईच्या पालकाला जे दुःख २००९ पासून माहीत होतं, ते गडचिरोलीच्या पालकालाही मिळालं. समानता, समानता म्हणतात ती हीच.

आता भाग दोन, म्हणजे पसंतीक्रम. खरी लढाई इथे होते. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजांची नावं आपल्या आवडीच्या क्रमानं भरायची. नियम असा की पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचं लागलं तर घ्या, नाहीतर थांबा. एवढा एक नियम. पण तो वाचून घरातल्या मोठ्या माणसांची जी अवस्था झाली, ती मी फक्त स्थळं बघताना पाहिली आहे. 'एकदम वरचं स्थळ पहिलं सांगितलं आणि नाही म्हणाले तर?' 'मग खालचेही म्हणतील, आधी तिकडे विचारून आला होतात ना!'

खालच्या मजल्यावरचे काका एक्सेल शीट घेऊन वर आले. बँकेत असताना त्यांनी कर्जं बुडू दिली नाहीत, ती शिस्त त्यांनी इथे आणली. गेल्या तीन वर्षांचे कटऑफ, शाखेनुसार, प्रवर्गानुसार, पहिल्या यादीचे लाल रंगात, शेवटच्या यादीचे निळ्या. रुईया, रुपारेल, साठ्ये, वझे-केळकर, बांदोडकर... कल्याणपर्यंत सगळी गावं. काकांचा सिद्धांत असा: 'पहिलं नाव सेफ टाका. मोठं कॉलेज पहिलं टाकलं आणि हुकलं तर पहिला प्रेफरन्स वाया जातो.' वाया जातो म्हटल्याबरोबर माझी बहीण हादरली. आमच्या माहेरी उरलेला भातसुद्धा वाया जात नाही, तिथे प्रेफरन्स!

वाया वगैरे काही जात नाही. संगणक गुण बघतो, वरून खाली उतरतो, आणि प्रत्येक मुलाला त्याच्या यादीतलं मिळू शकणारं सर्वांत वरचं कॉलेज देतो. पहिलं हुकलं म्हणून दुसऱ्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. हे सूचनापत्रात लिहिलेलं असतं. त्या घरात ते सूचनापत्र एकाच व्यक्तीनं वाचलं होतं, माझ्या भाचीनं. पण ती नुकतीच दहावी झालेली. तिला काय कळतं? मी तिची बाजू घेतली, तर 'तुझं काय जातंय बोलायला' असं मला ऐकावं लागलं. खरंच होतं. काहीच जात नव्हतं.

आजोबांचा आग्रह रुईयाचा. त्यांनी स्वतः कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण माटुंग्याला नोकरीत असताना रोज त्या दगडी इमारतीवरून जायचे. ८८.४० ला तिथे कला शाखासुद्धा मिळत नाही, तिचाही कटऑफ नव्वदीत असतो, हे त्यांना तीन वेळा समजावलं. 'कला शाखेला नव्वद?' म्हणून ते उठून बाल्कनीत गेले. त्यांच्या काळी कला शाखेला मूल पाठवताना पाहुण्यांना कारण सांगावं लागे. थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले, 'आमची अकरावी शाळेतच झाली. तोच बाक, तेच मास्तर, तीच छडी. कुणी विचारलं नाही कुठे मिळाली म्हणून.' हे मात्र अगदी बरोबर. १९७५ पर्यंत मॅट्रिक म्हणजे अकरावी, ती शाळेतच. दहा अधिक दोन अधिक तीन आलं, अकरावी शाळेतून उठून कनिष्ठ महाविद्यालयात गेली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातली माणसं जूनमध्ये पावसापेक्षा याद्यांची जास्त वाट बघतात.

मग कुणीतरी कोट्याचा विषय काढला. पुण्याच्या आत्याच असाव्यात. त्या फोनच्या स्पीकरवर होत्या आणि स्पीकरवरच्या माणसाला नेहमीच धाडसी सूचना सुचतात. इनहाऊस कोटा दहा टक्के, पण त्यासाठी शाळा त्याच संस्थेची हवी. दहा वर्षांपूर्वी बालवाडीत घालतानाच हा विचार करायला हवा होता, असं आत्यांनी आता सांगितलं. व्यवस्थापन कोटा पाच टक्के. तिथे काय लागतं याची चर्चा आजोबांच्या देखत कुणी केली नाही. राहिला अल्पसंख्याक कोटा. अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा त्या भाषेच्या किंवा धर्माच्या मुलांना. मुंबईत गुजराती, सिंधी, तमिळ मंडळींची उत्तम कॉलेजं आहेत. एरवी दुकानाच्या पाटीवर मराठी नाही म्हणून भांडण काढणारे नाशिकचे मामा फोनवर गंभीरपणे विचारत होते, 'आपली पणजी नवसारीची होती ना? घरी काय बोलायची?' पणजी घरी फारसं बोलतच नसे, असं आजोबांनी सांगितलं. तो मार्ग बंद झाला.

आणखी एक मार्ग शिल्लक होता, न्यायालयाचा. यावर हसू नका. अकरावीचा प्रवेश आणि मुंबई उच्च न्यायालय यांचं नातं जुनं आहे. २००८ ला खात्यानं पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते रद्द झालं. २००९ ला राज्य मंडळाच्या मुलांना नव्वद टक्के जागा आणि बाकीच्या मंडळांना दहा, असा कोटा आणला, तोही रद्द झाला. २०१० ला 'बेस्ट फाइव्ह' आलं. तेही उच्च न्यायालयात गेलं आणि रद्द झालं. मग ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जाऊन जिवंत होऊन आलं. लागोपाठ तीन पावसाळे. पुढे करोनात, २०२१ ला, दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला ९९.९५ टक्के. (उरलेल्या शतांश पाचांचं मला आजही कुतूहल आहे. परीक्षा नसताना नापास व्हायला काय विद्या लागत असेल!) प्रवेशासाठी २१ ऑगस्टला सीईटी घ्यायचं ठरलं, मुलं पुन्हा पुस्तकांना भिडली, आणि १० ऑगस्टला न्यायालयानं तीही रद्द केली. त्यामुळे मुंबईतल्या मध्यमवर्गीय बापाला घटनेतल्या मूलभूत हक्कांचं जे ज्ञान आहे, ते नागरिकशास्त्रातून आलेलं नाही. ते अकरावीतून आलं आहे.

शेवटी यादी ठरली. काकांच्या सिद्धांतानुसार पहिलं नाव सेफ, म्हणजे कल्याणचं एक कॉलेज, कला शाखा. दुसरं, जास्त नावाजलेलं, ठाण्याकडचं. मग उतरत, चढत, पुन्हा उतरत दहा. अर्ज लॉक करताना बहिणीनं देवापुढे दिवा लावला, मेहुण्यांनी माऊसवर बोट ठेवलं, आणि लॉक झाल्यानंतर एका मिनिटात काका म्हणाले, 'तीन आणि चार उलटे टाकायला हवे होते का?'

२८ जूनला पहिली यादी लागली. राज्यात सहा लाख बत्तीस हजारांवर मुलांना जागा मिळाल्या आणि त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक मुलांना पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं. वर्तमानपत्रांनी ही आनंदवार्ता म्हणून छापली. ज्यानं छापली त्याच्या घरात अकरावी नसणार.

माझी भाची त्या साडेचार लाखांत होती. पहिली पसंती, पहिली यादी. मी पेढे घेऊन गेले तर घरात सुतक. बहीण सोफ्यावर डोकं धरून, मेहुणे लॅपटॉपसमोर, आणि काका चष्मा कपाळावर चढवून आकडेमोड करताहेत. तिचे गुण पाचशेपैकी ४४२. कल्याणच्या कॉलेजची यादी थांबली ४३० वर. ठाण्याच्या, दुसऱ्या क्रमांकावरच्या कॉलेजची थांबली ४३८ वर. काकांनी पेन खाली ठेवलं आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तसल्या आवाजात म्हणाले, 'बारा मार्क वाया गेले.'

पहिली पसंती मिळण्याचं दुःख हे फार विचित्र दुःख आहे, आणि ते कुणाला सांगताही येत नाही. ज्याला सातव्या क्रमांकाचं मिळालं त्याला रडायला जागा असते. लोक पाठीवर हात ठेवतात, 'पुढच्या फेरीत होईल,' म्हणतात. पहिलं मिळालेल्यानं काय करायचं? आपण जे मागितलं तेच मिळालं. म्हणजे आपण कमी मागितलं. आता ते घ्यावंच लागणार, नियमच तसा. मेहुणे रात्रभर तेच एक वाक्य वेगवेगळ्या चालींवर म्हणत होते: 'वरचं टाकलं असतं तर मिळालं असतं.' खरं तर वरचं वर टाकलं असतं आणि ते मिळालं नसतं, तरी कल्याण कुठेही पळून जाणार नव्हतं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती, आणि मला रात्री तिथेच जेवायचं होतं.

भाची खोलीतून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. तिची शाळेतली जिवलग मैत्रीण त्याच कॉलेजला, तिला घ्यायचं ते मानसशास्त्र तिथे आहे, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सकाळच्या वेळी डोंबिवलीहून कल्याणकडे जाणारी गाडी रिकामी असते. 'बाबा वीस वर्षं लटकून जातात,' ती म्हणाली, 'मी खिडकीत बसून जाईन.' डोंबिवलीकराच्या आयुष्यात याहून वरची पसंती कोणती असू शकते, ते मला कुणी समजावून सांगावं. पण घरातल्या मोठ्या माणसांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या कानात एकच आकडा वाजत होता, बारा.

मग फेऱ्यांचा काळ आला. दुसरी, तिसरी आणि त्यापुढच्या. माझी भाची त्यातून सुटली होती, पण काकांच्या नातवाची लढाई चालू होती. नातू विज्ञानाचा, ९४ टक्के. काका स्वतः सेफवाले असले तरी त्याच्या अर्जात त्यांनी सगळी मोठी नावं भरली. नातवाच्या बाबतीत बँकेचे नियम शिथिल होतात. पहिल्या फेरीत काहीच नाही, दुसऱ्या फेरीत पाचवं, 'थांबू या' असं ठरलं, तिसऱ्या फेरीत तेच पाचवं. तोवर पावसानं दोनदा गाड्या बंद पाडल्या, काकूंनी सोळा सोमवार धरले, आणि लिफ्टमध्ये शिरण्याआधी काका आत कोण आहे ते डोकावून बघू लागले. अखेर एकदाचं कॉलेज मिळालं. चांगलं, नावाजलेलं, गाडी बदलून जायचं. काकांनी स्वतः जाऊन प्रवेश निश्चित केला. परत येताना पेढे आणले, तेही माटुंग्याहून.

ऑगस्टमध्ये अकरावीचे वर्ग सुरू झाले. मी एकदा सकाळी अकराच्या सुमारास बहिणीकडे गेले तर जिन्यात काकांचा नातू भेटला. पाठीवर क्लासचं नाव छापलेली सॅक. 'आज कॉलेज नाही का रे?' तो माझ्याकडे जरा दयेनंच बघत म्हणाला, 'मावशी, कॉलेजला कोण जातं? क्लासचं सकाळी सात ते दीड असतं. आज टेस्ट होती, लवकर सोडलं. कॉलेजला प्रॅक्टिकलला जायचं.' मी काकांना विचारलं. ते जरा चाचरले. जेईईची तयारी म्हटल्यावर क्लास हवाच, आणि सकाळचा क्लास म्हटल्यावर कॉलेज जमत नाही. 'पण मग एवढा आटापिटा...' मी म्हणू लागले. 'नाव नको का?' काका म्हणाले.

हा एकट्या त्यांच्या नातवाचा प्रकार नाही. क्लासवाल्यांशी संधान असलेली 'इंटिग्रेटेड' कॉलेजं तर पहिल्या दिवसापासूनच मुलांची वाट बघत नाहीत. वर्ग रिकामे पडू लागले म्हणून २०१८ ला सरकारनं विज्ञान शाखेला काही विभागांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. म्हणजे आधी मुलानं आत शिरावं म्हणून पालकांनी जीव काढायचा, आणि आत शिरल्यावर त्यानं तिथे थांबावं म्हणून सरकारनं त्याचा अंगठा धरायचा. काकांच्या नातवाचा बाक त्या नावाजलेल्या कॉलेजात, पंख्याखाली, त्याची वाट बघत धूळ खातो आहे. कटऑफ मात्र पुढच्या वर्षी आणखी एका गुणानं वर गेला असेल; काकांच्या शीटमध्ये तो लाल रंगात लिहिलेला असणार.

माझी भाची रोज कॉलेजला जाते. खिडकीत बसून.

यंदाही निकाल लागेल, यंदाही याद्या निघतील, आणि तुमच्या इमारतीत कुणाकडे तरी अकरावी असेलच. तुम्हाला एकच विनंती आहे. मेपासून ऑगस्टपर्यंत लिफ्ट त्या घरासाठी मोकळी ठेवा आणि आपण जिन्यानं ये-जा करा. गुडघे दुखत असतील आणि लिफ्टनंच जायचं असेल, तर पावसाबद्दल बोला.